मधोमध ठेवलेली शंभर डोकी

खिडकीजवळचं पहिलं स्टूल माझं. एकोणतीस वर्षांत त्यावर दुसऱ्या कुणी बूड टेकलेलं नाही, आणि टेकलंच असेल तर मी यायच्या आत उठून पळालेली असणार. त्या सोमवारी सकाळी रोपवाटिकेच्या शेडमध्ये शिरले, तर माझ्या स्टुलाला खेटून दुसरं स्टूल मांडलेलं. नवं कोरं, पायांवरचा प्लास्टिकचा कागदही न काढलेलं. त्यावर मालकांची सून बसलेली. गळ्यात ॲप्रन, डोळ्यांवर जाड काचांचा चष्मा.

“मास्तरीणबाई,” मालक म्हणाले, “हिला कलम शिकवा.”

मास्तरीण म्हणजे मी. शाळेशी माझा संबंध सातवीत संपला. पण या टेबलावरच्या नऊच्या नऊ बायकांच्या हाताला मी वळण लावलंय, म्हणून हे नाव पडलं. मला ते आवडतं, उगाच कशाला लाजू?

“शिकवते की,” मी म्हटलं. “पण तिला पार तिकडच्या टोकाला बसवा. सगळ्या तिथूनच सुरुवात करतात.”

“इथेच बसू दे. उजेड लागतो तिला.” मालक खिडकीबाहेर बघत बोलत होते. माझ्याकडे बघून बोलायची छाती नव्हती. “दुकानांतून फोन येतायत, बाई. गिऱ्हाईक नुसतं बोट लावतं आणि निवडुंगाचं डोकं गळून पडतं. कुणाच्या हातची कलमं आहेत ते कळायला नको? शंभराचा एक ट्रे तुम्ही भरा, एक ही भरेल. चाळीस दिवसांनी दोन्ही बघू. जिचा ट्रे चांगला, तिने इथे बसून टेबल सांभाळायचं.”

“आणि दुसरीने?”

“बघू काहीतरी. कुंड्या धुवायला माणूस कमीच पडतं.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकोणतीस वर्षं! हे मालक तेव्हा चांगले विशीतले होते, तरी सुरीने बोट कापून घेतलं म्हणून आईच्या पदरात तोंड खुपसून रडले होते. तेव्हापासून कलमाला हात लावला नाही, ते मी पाहिलंय. आणि आता मला कुंड्या धुवायला बसवणार!

पण मी काही बोलले नाही, आणि त्याचं कारण सांगते. ती गळून पडणारी डोकी माझ्याच हातची होती. वर्षभरापासून उजव्या अंगठ्याच्या मुळाशी असा ठणका लागतो की रबर ताणताना हात मध्येच सैल पडतो. रबर सैल, की कलम गेलं. घरी आमच्या ह्यांना माहीत होतं, बाकी कुणाला नाही. निदान मला तसं वाटत होतं.

आमचं काम असं. एक हिरवी, तीन धारांची निवडुंगाची काडी घ्यायची, वीतभरापेक्षा थोडी कमी. तिला आम्ही खुंट म्हणतो. तिच्या माथ्यावर बसवायचं एक लाल किंवा पिवळं गोल निवडुंग, गोटीएवढं. ते डोकं. ही डोकी दिसायला झकास, पण अंगात हिरवा रंग नावालाही नाही, त्यामुळे स्वतःचं अन्न स्वतः करता येत नाही. खुंटाने भरवलं तर जगतात, नाही तर वाळतात. खुंटाचा माथा सपाट कापायचा, तिन्ही धारांचे कोपरे तिरके उतरवायचे, कारण न उतरवले तर माथा वाळताना मधे खचतो आणि डोकं सुटतं. डोक्याचा बुडखा कापायचा, ओलं असतानाच खुंटावर टेकवायचं, हलकेच फिरवून हवा काढायची आणि वरून दोन रबरं आडवी-उभी चढवायची. दर कापाला सुरी स्पिरिटने पुसायची. मग सावलीत, पाण्याविना आठवडाभर. रबरं काढायची, कुंडीत लावायचं, पुढचा महिनाभर डोक्याला बोटही लावायचं नाही.

हे कुणीही बघून शिकेल. न दिसणारी गोष्ट एकच आहे. खुंट कापला की मधोमध एक फिकट कडं दिसतं, बारीक, बांगडीसारखं. डोक्यातही तसंच कडं असतं, पण लहान. या कड्यातूनच पाणी चढतं. आता डोकं अगदी मधोमध ठेवलं तर लहान कडं मोठ्या कड्याच्या पोटात बसतं, एकाला एक शिवतच नाही. म्हणून डोकं जरासं बाजूला सरकवून ठेवायचं, म्हणजे दोन्ही कडी एकमेकांना दोन ठिकाणी तरी छेदतात. आणि यातली मेख अशी, की चुकीचं कलम लगेच मरत नाही. डोकं स्वतःच्या अंगातल्या पाण्यावर महिनाभर लालबुंद राहतं. दिसायला देखणं आणि आत काही जुळलेलं नाही.

सूनबाईला मी पहिला खुंट कापून दिला. मालकांची सून असली तरी माझ्या टेबलावर ‘तू’च.

“याआधी काय करायचीस?”

“चष्म्याच्या दुकानात होते. काचा घासून फ्रेममध्ये बसवायचे.”

“इथे कुणाचा नंबर काढायचा नाहीये,” मी म्हटलं. टेबल हसलं. त्या क्षणी तिचं नाव चष्मेवाली पडलं.

ती हसली नाही. तिने काप चांगला घेतला, मान्य करते. कोपरे उतरवले, डोकं कापलं, आणि ते चिमटीत धरून माझ्याकडे वळली.

“नेमकं कुठे ठेवायचं?”

शपथेवर सांगते, मी काही आधी ठरवलं नव्हतं. पण त्या नव्या स्टुलाचा पाय माझ्या पायाला लागत होता, अंगठा ठणकत होता, आणि मालक दारात उभे राहून ऐकत होते.

“मधोमध,” मी म्हटलं. “अगदी मधोमध. केसभर इकडेतिकडे नाही.”

माझ्या शेजारची बाई, जिला आम्ही रेडिओ म्हणतो कारण ती सकाळी सुरू होते ती सुट्टी झाल्यावरच बंद पडते, तिच्या हातातलं रबर टण्णकन उडून खिडकीवर आपटलं. तिने तोंड उघडलं. मी तिच्याकडे असं पाहिलं की मिटलं. बाकीच्यांनी माना खाली घातल्या. त्या नऊही जणी डोकी बाजूला सरकवून ठेवत होत्या, कारण मीच तसं शिकवलं होतं.

मला वाटलं होतं ती तासाभरात ट्रे भरून टाकेल आणि मला चाळीस दिवस आराम. कसलं काय! ती पहिली दहा कलमं करून थांबली. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर ती दहाच्या दहा उपटून कचऱ्याच्या बादलीत.

“हे काय?” मी विचारलं.

“नीट झाली नव्हती. पहिल्यापासून करते.”

दुपारी तिने पिशवीतून प्लास्टिकची पट्टी काढली, शाळेतली मुलं गोल काढायला वापरतात तशी, लहानमोठ्या भोकांची. आणि तिचं जुनं डोळ्याला लावायचं भिंग. माझ्याकडे पाठ करून बसायची आणि एकेक खुंट त्या भोकात घालून बघायची, काप घ्यायची, भिंगातून बघायची, बाजूला ठेवायची. जाडे खुंट एकीकडे, बारीक दुसरीकडे. डोक्यांचेही ढीग लावले. तेवढ्या वेळात मी दोनशे कलमं हातावेगळी केली.

“नवरी सजवतेयस काय?” मी म्हटलं. “आठशे व्हावी लागतात दिवसाला. तुझ्या या चालीने खुंट म्हातारे होतील.”

“शंभरच करायची आहेत ना,” ती म्हणाली, न वळता.

“सगळी एका मापाची दिसावीत म्हणून चाललंय का हे? दुकान मांडायचंय?”

“मधोमध ठेवायचं सांगितलंत ना. ठेवतेय.”

आवाजात काहीच नव्हतं, ना राग ना लाड. त्यानेच जास्त डोकं फिरलं. मी माझं काम करायला वळले आणि रबर चढवताना अंगठ्यात अशी कळ आली की तोंडातून ‘आई गं’ निघालं.

“अंगठा दुखतो का तुमचा?” लगेच मागून.

“तुझं तू बघ! माझ्या अंगठ्याची चौकशी करायला नेमलंय का तुला?”

एवढ्या मोठ्याने ओरडले की रेडिओसुद्धा गप्प झाली. चष्मेवालीने चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्यानंतर चार दिवस आम्ही एकमेकींशी शब्द बोललो नाही. सुरी लागली तर ती हात लांब करून स्वतः घ्यायची. मी स्पिरिटची बाटली मुद्दाम माझ्या पलीकडच्या बाजूला ठेवायचे. तिने घरून स्वतःची बाटली आणली.

घरी ह्यांना सगळं सांगितलं, जरा तोऱ्यातच. हे छत्रीची काडी दुरुस्त करत बसले होते.

“म्हणजे तिला खोटं शिकवलंस,” हे म्हणाले.

“शिकवलं. माझ्या जागेवर येऊन बसते म्हणजे काय?”

“तुला कुणी शिकवलं होतं गं?”

“मालकांच्या आईने. तुम्हाला माहीत नाही होय?”

“त्यांनी काही राखून ठेवलं होतं का तुझ्यापासून?”

मी उठले आणि भांडी घासायला घेतली. घासून झालेलीच परत घासली. थोरल्या बाईंनी माझं बोट धरून डोकं सरकवून दाखवलं होतं, एकदा नाही, शंभरदा. पण त्यांच्या जागेवर मी बसायला आले नव्हते, त्यांनी बसवलं होतं. हा फरक ह्यांना कोण समजावणार? मी नाद सोडला.

दोन्ही ट्रे आतल्या फळीवर शेजारी शेजारी ठेवले होते. तिच्या ट्रेवर तिने तारखेची चिठ्ठी लावली होती, माझ्या ट्रेवर काहीच नव्हतं, कारण माझा ट्रे कुठला ते सगळ्यांना ठाऊक होतं. दहाव्या दिवशी दोन्हीकडे डोकी लालभडक. विसाव्या दिवशीही. पण त्यात काही नाही, चुकीचं कलमही महिनाभर लालच असतं, हे मी स्वतःला रोज सांगायचे. तिसाव्या दिवशी तिची डोकी थोडी फुगल्यासारखी वाटली. सगळ्या जेवायला गेल्या तशी मी फळीपाशी गेले आणि तिच्या एका डोक्याकडे बोट नेलं.

“चाळीस दिवस हात लावायचा नाही,” मागून आवाज आला. “तुम्हीच सांगितलंत.”

ती डबा हातात घेऊन दारात उभी होती.

“कीड बघत होते,” मी म्हटलं.

“माझ्याकडे भिंग आहे. मी बघते कीड.”

एवढं बोलून ती तिथेच फळीसमोर स्टूल ओढून बसली आणि डबा उघडून जेवायला लागली. त्या दिवसापासून रोज तिथेच जेवायची. म्हणजे माझ्यावर पहारा! माझ्यावर, जिच्याकडे शेडच्या किल्ल्या एकोणतीस वर्षं आहेत. दात ओठ खाण्यापलीकडे मला काही करता आलं नाही.

चाळिसाव्या दिवशी मालक आले. काम थांबवून सगळ्या गोळा झाल्या. दोन्ही ट्रे माझ्या खिडकीखाली टेबलावर मांडले. मालकांनी आधी माझा घेतला. एकेका डोक्याला तर्जनीने बाजूने हलकं ढकलायचं. जुळलेलं असेल तर डोक्याबरोबर अख्खी कुंडी हलते. नसेल तर डोकं सुटतं.

पहिली ओळ सगळी टिकली. मी हाताची घडी घातली. दुसऱ्या ओळीत तिसरं डोकं सुटलं आणि घरंगळत टेबलाच्या कडेला गेलं. मग पाचवं, सहावं. रेडिओने पडलेली डोकी एका वाटीत गोळा करायला घेतली आणि वाटी भरली. शेवटी मालकांनी मोजली. एकतीस.

“एकतीस,” ते म्हणाले, आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. मला वाटलं होतं रागावतील. तसं नव्हतं ते बघणं. त्यापेक्षा राग परवडला असता.

“हिचाही बघा ना,” मी म्हटलं. माझा आवाज मलाच चिरका वाटला. अजून एक आशा होती. तिची शंभरच्या शंभर पडणार होती. तिच्यापुढे माझी एकोणसत्तर सोन्यासारखी दिसली असती.

मालकांनी बोट लावलं. कुंडी हलली. दुसरं. कुंडी हलली. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. सहाव्या ओळीत एक सुटलं आणि मला लाज वाटेल एवढा आनंद झाला. पण ते एकच. शेवटच्या ओळीत अजून तीन. चार. शंभरात चार! माझा हात ऐन भरात होता तेव्हाही दहाच्या खाली कधी आले नव्हते मी.

“हे कसं केलंस?” मालकांनी सुनेला विचारलं.

तिने मेलेल्या चारांतला एक खुंट उचलला आणि सुरीने त्याचा माथा परत कापला. फिकट कडं दिसायला लागलं. त्यावर तिने ती भोकांची पट्टी धरली. कडं भोकात बरोब्बर बसलं.

“डोकं मधोमध ठेवायचं, तर दोन्हीतली कडी एका मापाची हवीत,” ती म्हणाली. “म्हणून बारीक कड्याचे खुंट वेगळे काढले आणि मोठ्या कड्याची डोकी वेगळी काढली. जोड्या लावल्या. मग मधोमध ठेवलं की कडं कड्यावर सगळीकडून बसतं. काचेचं केंद्र बुबुळावर आणतात, तसंच. खुंट आधीच निवडून ठेवले तर वेगही येईल.”

मी उभी होते तिथेच टेबलाला धरून. एकोणतीस वर्षांत, लाखो काप घेतले असतील, हे माझ्या मनात आलं नव्हतं. आम्ही सरकवून दोन ठिकाणी जुळवत होतो आणि त्यातच धन्यता मानत होतो. तिने मापच जुळवलं. माझ्या खोट्यावरून चालत जाऊन ती माझ्या पुढे निघून गेली.

“शाब्बास,” मालक म्हणाले.

“शाब्बासकी मास्तरीणबाईंना द्या,” चष्मेवाली म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. “मधोमध ठेवायचं त्यांनीच सांगितलं. पहिल्याच दिवशी. केसभर इकडेतिकडे नाही म्हणाल्या. नाही का, बाई?”

नऊ जणींच्या नजरा माझ्यावर. रेडिओचं तोंड अर्धं उघडं. त्या सगळ्यांना ठाऊक होतं मी काय केलं होतं, आणि मालक एकटे अडाण्यासारखे माझ्याकडे कौतुकाने बघत होते.

“हो,” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

“मग बाईंना कुंड्या धुवायला पाठवू नका,” ती म्हणाली. “माझ्या शेजारी राहू द्या. त्यांचं शिकवणं वाया जायला नको.”

मालक खूश होऊन गेले. बायका पांगल्या. मी माझा डबा, चष्म्याचं घर, जुनी सुरी खिडकीजवळून उचलून दुसऱ्या स्टुलापुढे ठेवत होते. ती शेजारी उभी राहून ट्रे पुसत होती.

“तुला माहीत होतं,” मी हळू आवाजात म्हटलं.

“पहिल्याच दिवशी. तुम्ही सगळ्या बाजूला ठेवत होतात आणि मला मधोमध सांगितलंत. मला दिसतं कमी, बाई, पण आंधळी नाही मी.” तिचा आवाज पहिल्यांदाच कापला. “त्याच संध्याकाळी पहिली दहा उपटून बघितली. लहान कडं मोठ्या कड्याच्या आत, कशाला कशाचा स्पर्श नाही. बसून रडले. मग पट्टी शोधली.”

“मग सरळ सरकवायचं होतंस आमच्यासारखं! हा सगळा खटाटोप कशाला?”

“तुम्ही सांगितलेलं तंतोतंत करून जिंकायचं होतं.”

“आणि मालकांना का नाही सांगितलंस? आत्ता सांगायचं होतंस! सगळ्यांसमोर हाकलायला लावायचं होतंस मला!”

“हाकललं असतं म्हणजे तुम्ही सुटला असतात,” ती म्हणाली. ट्रे फळीवर ठेवून ती माझ्या स्टुलावर, खिडकीजवळच्या पहिल्या स्टुलावर, बसली. “आता रोज यायचं. आणि रोज माझ्या शेजारी बसून मधोमध ठेवायचं.”

मला तिला कानफटात मारावीशी वाटली. खरंच वाटली. हात उचललाही असता, पण तो उजवा हात, आणि त्याची मूठ वळत नव्हती.

रात्रभर ठरवलं होतं की जायचं नाही. सकाळी ह्यांनी विचारलं, “डबा भरलास का?” आणि मी भरला. घरी बसून काय करणार होते? दुसरं येतंय काय मला?

दुसऱ्या स्टुलावर बसले. उन्हाची तिरीप तिच्या हातावर होती, माझ्यापर्यंत येत नव्हती. तिने पट्टीने मापलेला एक खुंट माझ्यापुढे ठेवला, त्याच्या जोडीचं डोकं ठेवलं. मी सुरी पुसली, काप घेतला, कोपरे उतरवले, डोकं टेकवलं. आणि हाताने आपोआप ते जरासं बाजूला सरकवलं. एकोणतीस वर्षांची सवय ती.

तिने बोट पुढे केलं आणि डोकं परत सरकवून जागेवर आणलं.

“मधोमध, मास्तरीणबाई.”

टेबलावर कुणी हसलं नाही. रेडिओ रबरं मोजत बसली होती. मी रबर घेतलं, ताणलं, आणि अर्ध्यावर अंगठ्याने दगा दिला. चष्मेवालीने काही न विचारता माझ्या हातातलं रबर काढून घेतलं आणि माझ्या कलमावर चढवलं. तिला अंगठ्याचं पहिल्यापासून ठाऊक होतं. मी तिला चढवू दिलं, आणि पुढचा खुंट घेतला.